बाबांचा डावा हात

माझे बाबा उज्जैनच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते, आणि त्यांचा डावा हात आमच्या घरात जावयासारखा राहायचा. म्हणजे त्याला काम सांगायचं नाही, बडदास्त मात्र ठेवायची. गव्हाचं पोतं उचलायचं ते उजव्या हाताने. सायकलची चेन चढवायची तीही उजव्याने. डाव्या हाताची नखं सारखी कापली जायची, आंघोळीआधी त्याला खांद्यापर्यंत तिळाचं तेल लागायचं, आणि थंडीत त्याच्यासाठी लोकरीचा वेगळा मोजा होता. आई त्यावरून बाबांना वाटेल ते बोलायची. पण मोजा तिनेच विणला होता.

कारण त्या हाताला दिसायचं. गाईच्या शेपटीखालून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि आतड्याच्या पातळ भिंतीवरून गर्भाशय आणि त्याच्या दोन बाजूंची दोन अंडाशयं चाचपायची, हे जनावरांच्या डॉक्टरचं रोजचंच काम आहे. त्यात विशेष काही नाही. पण बाबा चाचपताना मान भिंतीकडे वळवायचे, डोळे अर्धे मिटायचे, आणि मग सांगायचे, "उजवीकडे दाणा धरलाय. परवा माजावर येणार." आणि गाय परवाच माजावर यायची. दाणा म्हणजे फॉलिकल. अंडाशयावर वाढणारा पाण्याने भरलेला बारीकसा फुगा, त्याच्या पोटात बीज. दाणा फुटून बीज सुटलं की त्या जागी जी होते ती पिवळी गाठ. गाय गाभण राहिली तर ही गाठ टिकते आणि गर्भ सांभाळते, नाही तर विरघळते आणि गाय पुन्हा माजावर येते. दाणा आणि गाठ, एवढ्या दोन शब्दांवर बाबांची सगळी नोकरी चालली होती. आसपासच्या खेड्यांतले लोक दवाखान्यात येऊन "हाथवाले डॉक्टर साब कब बैठेंगे" असं विचारायचे. बाबांना ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी खानदेशातून इकडे आले आणि इकडचेच झाले. बाबांना तर मराठीत चिडता येत नसे, चिडले की हिंदी सुरू. आम्ही फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या एका गल्लीत भाड्याने राहायचो. घरमालक माळव्यातले व्यापारी. पुढे रस्त्याला लागून त्यांचा गोठा, मग अंगण, मग ते, आणि मागे आम्ही. त्यांच्या बायकोला आम्ही काकीजी म्हणायचो. बुटकी, गोरी, बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवायची सवय असलेली बाई. तिला एकच मुलगा, तो इंदूरला नोकरीला. आणि एक गाय. काकीजी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापाने तिच्याबरोबर एक कालवड धाडली होती, ही गाय त्या कालवडीची नात. माहेरचं म्हणून तिच्याकडे एवढंच उरलं होतं. बाप गेला होता, भावांनी घर वाटून घेतलं होतं. गाईशी ती माळवीत बोलायची, आणि आमच्याशी हिंदीत.

ती गाय वर्षातून दोनदा पुजली जायची. एकदा माळवी बायकांच्या बछ बारशीला आणि एकदा आम्हा मराठ्यांच्या वसुबारशीला. माळवी बारस भादोमध्ये येते, फक्त त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आमचा अमावास्येला, त्यामुळे त्यांचा भादो, म्हणजे भाद्रपद, लागतो तेव्हा आमचा श्रावण अजून संपलेला नसतो. उज्जैनला याचं कुणालाच काही वाटत नाही. महाकालाची सवारीसुद्धा दोन्ही हिशेब सांभाळून निघते. तर बारशीच्या सकाळी गल्लीतल्या मुलगेवाल्या बायका ताटं घेऊन अंगणात यायच्या, गाय आणि वासरू दोघांना कुंकू लावायच्या. मुलांच्या आयुष्यासाठीचं व्रत ते. त्या दिवशी गहू खायचा नाही, गाईचं दूध-तूप खायचं नाही, सुरीने चिरलेलं काही खायचं नाही. दिवसभर मक्याची रोटी आणि अख्खे मूग. मग दिवाळीच्या तोंडावर आई आणि गल्लीतल्या दोन-चार मराठी बायका त्याच गाईपुढे ताटं घेऊन उभ्या. आमच्याकडे पूजा तेवढी होती, खाण्यापिण्याचं फारसं काही नव्हतं. आई म्हणायची, "काकीजी, आपकी गाय तो साल में दो बार दुल्हन बनती है." काकीजी तिचं मनगट धरून हसायची.

ज्या वर्षी मला महूला वेटरनरीला प्रवेश मिळाला, त्या वर्षी आईने श्रावणात सत्यनारायण घातला. नातेवाइकांपैकी निम्म्या लोकांना या प्रवेशाचं कौतुक नव्हतं, मुलीच्या जातीने गाईच्या मागे काय हात घालायचा म्हणून. मी त्यांना पंचपात्रातलं तीर्थ जरा कमीच दिलं. पूजा संध्याकाळी होती आणि नेमकी त्याच सकाळी अंगणात माळवी बारस होऊन गेली होती. मला आठवतंय, काकीजी कथेला शेवटपर्यंत बसली. आईने तिच्या हातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवला तेव्हा ती क्षणभर हाताकडे बघत राहिली. मग डोळे मिटून तिने तो खाल्ला. तिच्या भक्तीचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

त्याच सुमाराला काकाजींनी, म्हणजे घरमालकांनी, गोठा पाडायचं काढलं. तेव्हाचं फ्रीगंज कुणाला आठवत असेल तर त्याला हे सांगायला नको. बघता बघता चौकात थंड पेयांच्या नव्या पाट्या लागल्या, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या, ज्याच्या घराची भिंत रस्त्याला लागत होती त्याने तिला शटर बसवलं. काकाजींना गोठ्याच्या जागी टेलिफोनचं बूथ हवं होतं. ते काही वाईट माणूस नव्हते. पण गाय आटत आली होती, आणि वासरू वर्षाचं होत आलं तरी ती पुन्हा गाभण राहत नव्हती. दोन वेळा रेतन केलं, दोन्ही वेळा उलटली, म्हणजे न ठरता पुन्हा माजावर आली. काकाजी म्हणाले, "होली तक देख लेते हैं. ठहर गई तो रहेगी, नहीं तो गोशाला भेज देंगे." गाभण गाय दारातून काढायची त्यांचीही छाती नव्हती. म्हणजे सगळं त्या एका गोष्टीवर आलं. होळीच्या आत गाय गाभण असली पाहिजे.

काकीजी बाबांकडे आली. मी तेव्हा महूला निघायच्या तयारीत होते, ट्रंक उघडी होती. तिने बाबांचं मनगट धरलं नाही, ते फक्त बायकांचं धरायची. दारातच उभी राहून म्हणाली, "डॉक्टर साब, आपके हाथ में है."

बाबांनी तिला शब्द दिला. मला वाटतं, तो द्यायला नको होता. डॉक्टरने उपचार द्यावा, शब्द देऊ नये, असं मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगते आणि ते वहीत लिहूनही घेतात. पण ज्या माणसाचा हात गावोगाव मानला जातो, त्याला पुढच्या दारातली बाई असं म्हणाली, तर तो काय "बघू" म्हणेल?

पुढचं मी थोडं डोळ्यांनी पाहिलं आणि थोडं आईकडून ऐकलं. गाय तिसऱ्यांदा उलटली आणि त्यानंतर वेळेवर माज दाखवीना. बाबांनी चाचपलं तर उजव्या अंडाशयावर एक मोठा, मऊ, टच्च भरलेला फुगा. एवढा मोठा दाणा, आणि गाय माजावर नाही. बाबा ज्या काळात शिकले त्या काळी याचा अर्थ सरळ होता. दाणा फुटायचा राहिला, पाणी धरून बसला, सिस्ट झाली. ती जाईपर्यंत पुढचा दाणा धरणार नाही. आणि उपायही पुस्तकात दिलेला होता. आतूनच अंडाशय मुठीत घ्यायचं आणि अंगठ्याने तो फुगा दाबून फोडायचा. टावर चौकातल्या औषधांच्या दुकानात तेव्हा नव्या कंपन्यांची हार्मोनची इंजेक्शनं यायला लागली होती. बाबांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, शिवाय हात असताना सुई कशाला? उजवीकडचा त्यांनी फोडला. पुढच्या महिन्यात डावीकडे तसाच एक लागला. तेव्हा मी दसऱ्याच्या सुटीला घरी आले होते, शेपूट धरायला मीच उभी होते.

माझं पहिलंच वर्ष, आणि वडिलांचा तो नावाजलेला हात कामावर असताना मी शेजारी. अभिमानाने फुगले होते नुसती. काकीजी गाईच्या तोंडाशी गुळाचा खडा घेऊन उभी होती. बाबांनी मान भिंतीकडे वळवली. मी विचारलं, "बाबा, अजून थोडे दिवस थांबून बघायचं नाही का?" शहाणपणाने नव्हे, नवीन विद्यार्थी काही ना काही विचारतातच. बाबा म्हणाले, "थांबायला टाइम कुठे आहे? होळी काय थांबणार आहे का?" मग गाईने पाठ एकदम कमानीसारखी वर उचलली आणि गुळाचा खडा तिच्या तोंडातून खाली पडला. बाबा म्हणाले, "फुटला." काकीजीने दोन्ही हात जोडले, गाईला की बाबांना ते कळलं नाही. मग तिने गूळ उचलून पदराला पुसला आणि पुन्हा गाईला भरवला.

होळीला गाय गाभण नव्हती. बाबांनी शेवटचं चाचपलं तेव्हा दोन्ही अंडाशयं बोटांखाली हलेनात, आजूबाजूला चिकटून बसली होती. फोडल्यावर आत रक्त सुटतं, आणि कधी कधी त्याने सगळं चिकटतं, हे बाबांना ठाऊक होतं. पण रोग होता म्हणून फोडावं लागलं, रोगच वाईट होता, अशी त्यांची समजूत होती. ते काकाजींना म्हणाले, "ऊपरवाले की मर्जी." काकीजीलाही हेच सांगितलं. गाय नदीपलीकडच्या एका गोशाळेत गेली, तिचं वासरू, तीही कालवडच, काकीजीच्या भावाकडे, आणि मी उन्हाळ्यात घरी आले तेव्हा गोठ्याच्या जागी काचेचं केबिन होतं. आत पंखा, स्टूल आणि लाल आकडे पळवणारं मशीन. पुढे महूला पोचल्याचं मी त्या केबिनवर फोन करून आईला कळवायला हवं म्हणून काकीजी मला तिथला नंबर पाठ करायला लावायची.

दुसऱ्या वर्षीच्या माळवी बारशीला गल्लीतल्या बायकांनी पाटावर मातीची गाय-वासरू मांडली. आईने वसुबारशीला कॅलेंडरचं चित्र पुजलं आणि बाबांना ऐकवलं, "डॉक्टरच्या दारात चित्राची पूजा." ती सहज बोलली होती.

काकीजी मात्र बदलली. आधीसारखीच बोलायची, मनगटही धरायची, पण गहू खायची बंद झाली. आता माळव्यात गहू न खाणं म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. दर रविवारी तिच्याकडे दाल-बाफले व्हायचे. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. गल्लीत तिच्यासारखे बाफले कुणालाच जमत नसत. आमच्याकडे झाकलेलं ताट यायचं, त्यातले चार तरी एकटे बाबाच खायचे आणि मग दुपारभर कुशीवर झोपायचे. स्वतः काकीजी मक्याची रोटी खायची. विचारलं तर "शुगर है" म्हणायची. आई मला म्हणाली, "ही कसली गं शुगर? चहात दोन-दोन चमचे साखर घालते." पण लोकांच्या पोटात शिरायची आपल्याला काय गरज, म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. आता वाटतं, तेव्हा कुणीतरी जरा चौकशी केली असती तर बरं झालं असतं.

मी पुढे गाईंच्या प्रजननशास्त्रातच गेले. शिकता शिकता मला आमच्या अंगणातली गाय अधूनमधून आठवायची, पण उलटणाऱ्या गाई जगात खूप असतात. त्याच काळात आमच्याकडे अल्ट्रासाऊंडचं मशीन आलं. हातात धरून आत न्यायची एक कांडी, आणि बाहेर छोट्या पडद्यावर अंडाशय. बाबांना मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" माझ्यातला उत्साह बघून आई म्हणाली, "बापाचा हात आणि लेकीची कांडी." मी चिडले. मला चिडायला फार वेळ लागत नाही.

पण त्या पडद्यावर मी रोज त्याच गाई बघत होते, आणि रोज बघितल्याशिवाय जे कळत नाही ते मला कळत होतं. आपण समजतो की एका माजापासून दुसऱ्या माजापर्यंत एकच दाणा वाढतो आणि फुटतो. तसं नसतं. दाणे लाटेने येतात. मेंदूखालच्या ग्रंथीतून एक हार्मोन सुटतं, त्यावर एकदम बरेच दाणे वाढायला लागतात. त्यातला एक पुढे जातो. पुढे गेला की तो स्वतःच असे स्राव सोडतो की वरून येणारा तो शिधा आटतो, आणि बाकीचे उपाशी राहून सुकतात. पण पुढे गेलेल्याचंही नशीब त्याच्या हातात नसतं. मागच्या वेळची पिवळी गाठ अजून शाबूत असेल, तर तिच्या हार्मोनपुढे फुटण्याचा हुकूम वरून येतच नाही. तो मोठा, टच्च भरलेला दाणा काही दिवस तसाच बसतो आणि मग हळूहळू मावळतो. मग दुसरी लाट. कधी तिसरी. गाठ विरघळते तेव्हा ज्याची पाळी असेल तोच फुटतो. माजाच्या अधेमध्ये बोटांना लागलेला मोठा दाणा हा बहुतेक वेळा रोग नसतोच.

मग उज्जैनबाहेरच्या एका डेअरीत आमच्या विभागाने शिबिर घेतलं. मी तिथे आठवडाभर एका गाईला रोज बघत होते, छापलेली चित्रं एका तक्त्यावर ओळीने लावली होती. शेवटच्या दिवशी आसपासचे सरकारी डॉक्टर आले, त्यात बाबाही. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती त्यांची. ते मागच्या रांगेत बसले. मी पडद्यावर दुसऱ्या एका गाईचं अंडाशय दाखवलं, शेजारी शेजारी पिवळी गाठ आणि भला मोठा दाणा. बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मैडम, एक सवाल है." सगळे हसले, कारण सगळ्यांना नातं माहीत होतं. मीही हसले.

"इतना बड़ा फॉलिकल, और साथ में गांठ भी है," ते म्हणाले. "गांठ अंदर दबी हो, हाथ को न लगे, तो आदमी इसको सिस्ट ही समझेगा ना?"

"समझ सकता है, सर."

"इसको हाथ से न फोड़ें तो क्या होगा?"

"कुछ नहीं होगा, सर. अपने आप बैठ जाएगा, फिर नया आएगा." मी तक्त्यावरची चित्रं दाखवली. रोज थोडा लहान, रोज थोडा लहान, आणि शेवटच्या चित्रात तो नव्हता.

"और फोड़ दें तो?"

मी पुस्तकातलं वाक्य म्हणायला लागले, की रक्तस्राव होऊ शकतो, अंडाशय चिकटू शकतं, दोन्ही बाजूंचं झालं तर गाय कायमची... आणि मला शेपूट आठवलं, माझ्याच मुठीतलं. गुळाचा पडलेला खडा आठवला.  बाबांनी मान हलवली, "थैंक यू, मैडम," म्हणाले आणि खाली बसले. पुढे कुणीतरी चाऱ्याबद्दल काही विचारलं, त्याला मी काय उत्तर दिलं कोण जाणे.

सगळं आटोपल्यावर मशीनची पेटी गाडीपर्यंत न्यायची होती. ती चांगली जड होती. बाबा पुढे आले आणि त्यांनी ती डाव्या हाताने उचलली. मी म्हटलं, "बाबा, उजव्या हाताने घ्या." ते म्हणाले, "असू दे आता." घरी परत येताना मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसले होते. मला त्यांचं इतकं वाईट वाटत होतं की माझाच राग यायला लागला, कशाला ती कांडी घेऊन या गावात आले म्हणून. पण तोही उगाचच, कारण ज्ञान काही कांडीने आणलेलं नव्हतं, ते गाईच्या पोटात पहिल्यापासून होतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा काकीजीकडे गेले. मला म्हणाले, "तू चल. माझं कुठे चुकलं तर सांग." आई मंदिरात गेली होती. काकीजी ओसरीवर मेथी निवडत बसली होती, अंगणापलीकडे काचेच्या केबिनमध्ये कुणी तरी फोनवर ओरडत होतं. बाबा खुर्चीवर न बसता पायरीवर बसले. आणि त्यांनी सरळ सांगितलं. गाईला रोग नव्हता. दाणा आपोआप गेला असता. फोडला म्हणून आतून चिकटलं. थांबलो असतो तर गाय कदाचित गाभण राहिली असती. "गलती मेरी थी, भाभीजी. ऊपरवाले की नहीं."

काकीजी मेथी निवडत राहिली.  मग म्हणाली, "नी, डॉक्टर साब. चूक तो म्हारे से हुई थी."

आणि मग तिने सांगितलं. त्या वर्षीची बारस. सकाळी पूजा झाली, आणि संध्याकाळी आमच्याकडे सत्यनारायण. हातावर प्रसाद पडला. गव्हाचा रवा, गाईचं तूप, गाईचं दूध, सुरीने चिरलेलं केळं. बारशीला जे जे चालत नाही ते सगळं एका घासात. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला तर तोही कोप, आणि खाल्ला तर बारस मोडली. तिने खाल्ला. लगेच गाय पुन्हा उलटली, मग कायमचीच भाकड झाली, आणि दारातून गेली. बारस मुलासाठी असते. गाईवर भागलं, उद्या मुलावर आलं तर? म्हणून तिने मनात नेम केला, गहू सोडला. मुलाला काही होऊ नये म्हणून.

"तब से?" बाबांनी विचारलं.

"तब से."

बाबांचा चेहरा मला बघवेना. मी कोर्स पुरा केला, नोकरीला लागले, एवढी सगळी वर्षं ही बाई दर रविवारी कणीक मळत होती, बाफले तुपात बुडवून आमच्याकडे पाठवत होती, बाबा बोटं चाटून खात होते, आणि ती मक्याची रोटी मोडत बसली होती. त्यांच्या अंगठ्याच्या एका दाबापायी. आणि ती ज्याला पाप समजत होती, तो माझ्याच प्रवेशाचा प्रसाद होता.

मी तिला समजावायला लागले. प्रसादाचा आणि अंडाशयाचा काहीही संबंध नसतो, हार्मोन कसे चालतात, लाट कशी येते.  तिने माझं मनगट धरलं, म्हणजे मी थांबावं. मग म्हणाली, "अपनी मां को मत बताना, बेटा. उनका जी दुखेगा. उन्होंने तो प्रेम से दिया था." एवढी वर्षं ती याचसाठी गप्प राहिली होती.

बाबा म्हणाले, "अब तो खा लीजिए. गेहूं. आज ही. मैं हाथ जोड़ता हूं."

काकीजीने त्यांच्याकडे पाहिलं. तिने विश्वास ठेवला असावा, निदान निम्मा, कारण तिचे डोळे भरून आले होते. पण ती हसून म्हणाली, "अब कहां, डॉक्टर साब. बेटे की सगाई में एक पूड़ी खाई थी जबरदस्ती, दो दिन उठी नी. अब तो पचता ही नी."

मग तिने मेथीची ताटली उचलली आणि आत गेली, चहा टाकायला. बाबा पायरीवरच बसून राहिले. समोर, जिथे गाय बांधायची खुंटी होती, तिथे केबिनचं दार उघडझाप करत होतं.

बाबांनी पुढे हाताला तेल लावणं सोडलं. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी काढली, पण शंका असली की "हफ्ते भर बाद लाओ" म्हणायचे. खेड्यातले लोक म्हणायला लागले, हाथवाले डॉक्टर साब बूढ़े हो गए. आईला आम्ही काही सांगितलं नाही. ती अजूनही आल्यागेल्याला सांगते, माझ्या लेकीचं सगळं त्या श्रावणातल्या सत्यनारायणाने भलं केलं. मी मान हलवते.

रविवारी बाफल्यांचं ताट येतच राहिलं. नको म्हणता येत नव्हतं, कारण नको म्हटलं असतं तर काकीजीने तेही स्वतःकडेच घेतलं असतं. बाबा एक बाफला घ्यायचे, त्याचे तुकडे करायचे आणि फार वेळ चावत राहायचे. मी त्या दिवसांत घरी असले की त्यांच्याकडे न बघता जेवायचे. एकदा आई ताट उचलताना म्हणाली, "तिला गहू पचत नाही आणि तुम्हाला बाफले जात नाहीत. म्हातारे झालात बाई तुम्ही दोघंही."

"हो," बाबा म्हणाले. "झालो."